पाठमोरी

तांडा, ता. दिग्रस

प्रिय वर्षा,

पत्र पाहून घाबरू नको. कोणी मेलं नाही, कोणी आजारी नाही, तुझा बाप ठीक आहे, शेळ्या ठीक आहेत. पोस्टातून घरचं पत्र आलं की दवाखान्यातली माणसं आधी वाईटच समजत असतील, म्हणून पहिल्याच ओळीत लिहून टाकलं. घरात फोन आहे, मले लावता बी येते. पण फोनवर आपलं काय होते ते तुले माहीत आहे. मी एक बोलते, तू राहू दे याडी म्हणते, मंग मी चिडते, मंग तुझ्या मागून कोणी सिस्टर सिस्टर करते अन् तू फोन ठेवते. कागद काही मधातच कट होत नाही. चौथी शिकलेल्या बाईचं अक्षर आहे, जिथं लागणार नाही तिथं अंदाजानं वाच. तुझ्या भोजाईले सांगितलं असतं तं पुष्पानं लिहून दिलं असतं, पण तिच्या पोटात काही राह्यत नाही. हे मले तिच्या तोंडून तांड्यात ऐकाचं नाही.

आधी तुझ्या बक्षिसाच्या ढालींचं सांगते, भांडण तिथूनच लागलं. पुष्पाले कूलर ठेवाले जागा पाह्यजे. कूलर उन्हाळ्यात लागते, हे पावसाळ्यात जागा शोधून राह्यली, पण तिचं सगळं असंच. तिची नजर गेली कोठीवरच्या तुझ्या ढालींवर. तिनं मले न विचारता तुले फोन केला, अन् तू म्हणे सांगितलं, भंगारवाल्याले देऊन टाक. भंगारवाला गल्लीत भोंगा वाजवत आला तवा ही बाई पोतं भरून दारात उभी. मी म्हटलं, हात तं लावून पाह्य. तं म्हणते, वर्षाबाईनंच सांगितलं, तुमाले खोटं वाटत असन तं विचारा. मी तुले विचारलं नाही. मले खोटं वाटलंच नाही. दिवाळीपासून तू घरी आली नाही. तीज झाली, तांड्यातल्या सगळ्या लेकी आल्या, तू आली नाही. बापाशी फोनवर बोलते, भावाशी बोलते, मी घेतला की ड्युटी लागते. अन् आता ढाली बी भंगारात. म्हणजे या घरात तुले तुझं काही ठेवाचंच नाही, असं मले समजलं. मी ते पोतं हिसकलं. पुष्पा रागानं बोलून गेली, याडी, तुम्ही तं वर्षाबाईची एक बी मॅच पाह्यली नाही, मंग या पत्र्याच्या ढालींचं तुमाले एवढं काय?

तिच्या तोंडाले बूच नाही. पण खोटं बोलली नाही.

तुले तं सगळं माहीत आहे अन् तू त्याच्यावर हसत होती. तरी आज मले लिहावं वाटून राह्यलं. तुझी कबड्डीची पहिली मॅच दिग्रसच्या शाळेच्या मैदानावर होती. मी पुढंच बसली होती, चुन्याच्या पट्टीपाशी. तू एका दांडग्या पोट्टीचा पाय धरला अन् तिले पाडलं, अन् माझ्या तोंडून निघून गेलं, पाह्य वं माय, माझी पोट्टी कशी वाघीण आहे! ते तोंडातून निघालं अन् दुसऱ्या डावात तू तोंडावर आपटली. पुढचा दात तुटला, सदरा रक्तानं भरला. घरी आल्यावर तुझी दादी मले म्हणाली, परक्याची नजर मीठ-मिरची ओवाळून उतरते, मायची उतरत नाही. मायची नजर प्रेमाची असते, ते खोल जाते. तू पाहू नको तिले. दादीचं मी दुसरं काही ऐकलं नाही जन्मात, तिले विचार वर जाऊन, पण हे ऐकलं.

मंग दिग्रस काय, पुसद काय, यवतमाळ काय, जिथं एसटीनं जाता आलं तिथं मी आली. आली अन् मैदानाकडे पाठ करून बसली. तुझा बाप मैदानाकडे तोंड करून, मी त्याच्या बाजूनं उलटी. सगळं गाव एकीकडे पाह्ये, मी एकटी गावाकडे पाह्ये. लोक हसत. कोणी म्हणत, पोट्टी अर्ध्या चड्डीवर खेळते म्हणून माय लाजून राह्यली. म्हणू दिलं. नजरेचं सांगितलं असतं तं अजून हसले असते. पुसदले एका बाईनं विचारलं, तुमची कोणती वं? मी न वळता खांद्यावरून मागं बोट केलं. ते बाई बोटाकडे पाह्ये अन् माझ्या तोंडाकडे पाह्ये, तिले वाटलं असन ही बाई डोक्यानं अर्धी आहे.

तुझ्या बापाले विचारावं, काय झालं? तं तो म्हणे, थांब. मंग म्हणे, झालं. अवो पण काय झालं, नीट सांगा न! तं म्हणे, झालं म्हणजे झालं. असा माणूस घेऊन कोणी मॅच पाहाले जाते का? मंग मी त्याले विचारणंच सोडलं. लोकांच्या तोंडाकडे पाहाले लागली. दुसरी पोट्टी खेळत असली की लोक फल्ली खात बसत, जांभया देत. तुझ्या कोपऱ्याकडे कोणी चढाईले आली की त्याहिचे जबडे थांबत. एक म्हातारा दर वेळी बिडी ओठापाशी नेऊन तिथंच धरून ठेवे. तोंडं आवळली की मले समजे, तू पाय धरला. मंग दात दिसले, हात वर गेले की समजे, ते पडली. तुझा सगळा खेळ मी असा लोकांच्या तोंडावर पाह्यला. अन् दर वेळी एसटीत बसल्यावर तू विचारे, याडी, आज लोकांची तोंडं कशी होती? मी म्हणे, बरी होती. चांगली होती म्हटलं तं त्याची बी नजर लागन, म्हणून बरी. एवढंच म्हटलं तुले मी, इतक्या वर्षांत. बरी होती.

मंग बेबीताईनं तुले निवड चाचणीले नेलं, अन् मुंबईच्या कंपनीनं करारावर घेतलं. शाळेतली एक मास्तरीण आपल्या पदरच्या तिकिटानं पोट्टीले मुंबईले नेते, हे तांड्यात कोणाले खरं वाटलं नाही. तू बूट घालून खेळाले लागली, मातीच्या जागी गादी आली, विमानात बसली. डाव्या कोपऱ्यातली वर्षा म्हणून लोक नाव घेत. एकदा टीव्हीवर तुमची मॅच लागली तं सगळा तांडा नायकाच्या घरी जमला. मी आंगणात शेळ्यांपाशी बसली, टिनाच्या भिंतीकडे तोंड करून. आतून ओरडणं आलं की तुझा भाऊ सुनील धावत बाहेर ये अन् म्हणे, याडी, धरली! मी म्हणे, हळू बोल, मले सांगू नको. अन् कान तं तिकडेच लागलेले. त्या वर्षी बाजारात मी चालली की मोठमोठ्या घरच्या बाया थांबून बोलत. कापसाचे व्यापारी तुझ्या बापाले खुर्ची देत. मी काही बोलत नव्हती, पण मले ते गोड लागे. खोटं कायले लिहू.

मंग ते नागपूरची फायनल. कापूस वेचणी जोरावर होती, मजूर मिळत नव्हते, म्हणून आपल्यातलं कोणीच गेलं नाही. तू एसटीनं घरी आली, गुडघ्याले पट्टी बांधून. दारात उभी राहूनच सांगितलं. गुडघा गेला, हात सुटला, हरलो, मी आता खेळणार नाही. असं एका दमात, जसं पाठ करून आली. बेबीताई आल्या, ओट्यावर बसून चहा पेल्या, तुले म्हणाल्या, अगं, गुडघे भरून येतात, कंपनीचा डॉक्टर बी तेच म्हणून राह्यला. तू नाही म्हणून मान हालवत राह्यली. त्या जाताना मले म्हणाल्या, जमनीबाई, तुम्ही तरी समजवा. मी काय समजवणार? माझ्या पद्धतीनं समजवलं. तुले आठवत असन.

त्यानंतर थोडेच दिवस झाले अन् मी पाह्यलं, तू मिरच्या वाळू घालाले टिनावर चढली. पायरी नाही, शिडी नाही, भिंतीवरून सरळ वर. ज्या बाईचा गुडघा गेला ते अशी चढत नाही. मी खालून पाह्यत राह्यली अन् मले वाटलं, समजलं मले. गुडघ्याले काहीच झालं नाही. ही भ्याली. हजार लोकांसमोर हात सुटला, हरली, अन् आता तोंड दाखवाची हिंमत नाही. माझ्या पोटची अन् भेकड निघाली, याचा मले जेवढा राग आला तेवढा तुझ्या हरण्याचा नव्हता आला. तू नर्सिंगले नाव टाकलं म्हणून सांगितलं तवा मी म्हटलं, ज्या हातात लोकांचे पाय सापडत होते त्या हातानं आता लोकांचं हागणंमुतणं काढ. तू बॅग भरत होती. तू कपड्याच्या घड्या घालत राह्यली. मी अजून बोलली असती, पण समोरचं माणूस भांडलंच नाही तं बोलणं बी सरते.

तुमच्या कॉलेजात दिव्याचा कार्यक्रम होता, शपथ घ्याचा. तू दोन वेळा फोन केला, ये म्हणून. मी म्हटलं, शेळी व्याची आहे. शेळी व्याली त्याच्या कितीतरी दिवसांनी. तुझा बाप एकटा गेला, नवा धोतरजोडा नेसून. येताना फोटो घेऊन आला. सगळ्या पोट्ट्या पांढऱ्या कपड्यात, सगळ्यांच्या हातात दिवा, सगळ्यांची मान खाली. मी तुले खांद्यावरून ओळखलं. तो म्हणाला, पोट्ट्यांनी दिवे लावले अन् सगळ्या मायबापांच्या डोळ्यात पाणी आलं. मी विचारलं, तुमच्या बी? तं म्हणे, झालं म्हणजे झालं.

तुझा खेळ मी मायेपोटी नाही पाह्यला. अन् हे शपथ रागानं नाही पाह्यली. नाही पाह्यलं ते नाहीच पाह्यलं, दिवे काही माझ्यासाठी पुन्हा लागणार नाहीत.

नोकरी लागल्यावर तू यायची, पण पाहुणीसारखी. बसायची ते बी कडेले. दिवाळीत तुझ्या मावशीच्या घरचे लोक आले, त्यातल्या एकानं विचारलं, हिनं खेळ काहून सोडला? अन् तू सांगायच्या आधी मी बोलली, हिचा गुडघा नाही गेला, हिंमत गेली. लोक हसले. तू बी हसली. मंग बॅग उचलली, ड्युटी आहे म्हणाली, अन् दिवाळीच्या दिवशी दुपारच्या गाडीनं गेली. फराळाचा डबा तसाच राह्यला. पुष्पानं अन् सुनीलनं खाल्ला, मले नाही गेला.

आता वच्छलाबाईचं ऐक. बाजूच्या गावातली, ज्यांच्या वावरात आपण तूर सोंगाले जात होतो. तिचा मालक घनश्याम कापसाच्या भरल्या गाडीवरून डोक्यावर पडला, मानेले मार लागला. यवतमाळवरून त्याले नागपूरले पाठवलं, अन् नेमका तुझ्याच वॉर्डात आला. तुले माहीतच आहे, तू घरी सांगितलं नाही, तुमचा तसा नियम असन. पण वच्छलाबाई गेल्या महिन्यात शेंगा घेऊन मुद्दाम तांड्यात आली अन् माझ्या ओट्यावर बसली. म्हणे, जमनीबाई, तुमची पोट्टी म्हणजे काय माणूस आहे वं! आमच्या पोरानं बापाले पाणी पाजाले डोकं उचललं तं ते लांबून ओरडली, हात काढा! सगळा वॉर्ड दचकला. मंग येऊन पोराले बाहेर नेलं अन् असं झाडलं, असं झाडलं, की तो माणूस तीस वर्षांचा, पण रडकुंडीले आला. अन् थोड्या वेळानं त्यालेच चहा दिला. मंग ते सांगे, पलंगावर कूस बदलाची तं कशी बदलतात. तिघं-चौघं बाजूनं उभे, अन् डोक्यापाशी वर्षाच. दोन्ही हात कानांच्या बाजूनं. मानेले दुसऱ्या कोणी हात लावाचा नाही. ते बोलली की सगळ्यांनी एकदम फिरवाचं, डोकं, मान, पाठ, पाय, सगळं एका फळीसारखं. म्हणे, आम्हाले भ्या वाटे, पण तिच्या तोंडाकडे पाह्यलं की भ्या जाये. अन् घनश्याम आता उठून बसते, काठी घेऊन आंगणात फिरते.

तुले सांगते, मले आनंद झाला पाह्यजे होता. मले त्या बाईचा राग आला. हे माझ्या ओट्यावर बसून मलेच माझी पोट्टी कशी आहे ते सांगून राह्यली. तिनं पाह्यलं अन् मी ऐकून राह्यली. पुन्हा तेच. पहिले लोकांच्या तोंडावर, आता लोकांच्या तोंडून. शेंगा मी ठेवून घेतल्या, पण चहा तिले उशिरानं दिला.

तं पुष्पानं ते वाक्य बोललं, तवा हे सगळं माझ्या डोक्यात होतं. ढालींचं पोतं आत ठेवलं अन् मी विचार केला, आता हे खेळत नाही. खेळतच नाही तं माझी नजर लागणार कायले? लागून लागून काय बिघडवणार आता? दुसऱ्या दिवशी दुपारी भांडी झाल्यावर मी पुष्पाले म्हटलं, तुझ्या त्या मोबाइलवर मॅच आहे का वर्षाची? ते माझ्याकडे अशी पाह्यली, जशी मी दारू मागितली. मंग म्हणे, यूट्यूबवर सगळी फायनल आहे, नागपूरची. मी म्हटलं, लाव.

मी चष्मा घातला. ओट्यावर बसलो दोघी. पहिले तं तू मले सापडेच ना. सगळ्या सारख्या, सगळ्यांच्या वेण्या वर बांधलेल्या. पुष्पा म्हणे ही पाह्य, ही पाह्य, अन् तिचं बोटच आडवं येई. मंग एक पोट्टी खांदे पुढं काढून चालत गेली, तुझा बाप चिखलात चालते तशी, अन् मले सापडली तू. त्याच्यानंतर नाही सुटली. माय वं! तू बसते काय, सरकते काय, समोरचीले वाटते तुझं लक्षच नाही, अन् मंग एकदम साप जसा! मी पुष्पाच्या पाठीत थापा मारल्या, ते हाय हाय कराले लागली. मी ओरडली बी असन, कारण शेजारची प्रेरणा पाहाले आली काय झालं म्हणून. पुष्पा मले नियम समजावत होती अन् सगळे चुकीचे सांगत होती. मी हसत होती अन् डोळ्यातून पाणी येत होतं. हे मी लोकांच्या तोंडावर वाचत होती! तोंडावर एवढं कुठं मावते?

मंग शेवट आला. तुम्ही पुढं होत्या, थोडाच वेळ राह्यला होता. त्याहिची शेवटची पोट्टी चढाईले आली, बारीकशी, पाठीवर निकिता लिहिलेलं. पुष्पा म्हणे, आता पाह्य याडी, इथंच वर्षाबाईचा हात सुटते. तू तिचा पाय धरला, पक्का धरला. ते तोंडावर पडली. अन् तुमच्याच पोट्ट्या तिच्यावर धडाधड पडल्या, एकीवर एक. त्या ढिगाखालून तिचं डोकं दिसून राह्यलं होतं. मान भलतीकडे वळलेली. एक हात मधल्या रेषेकडे, पण तो हात काही धडपड करत नव्हता, पडला होता फक्त. मंग तुझा हात सुटला, ढिगाच्या जोरानं ते पुढं घसरली, बोटं रेषेले लागली, शिट्टी वाजली, धरणाऱ्या तुम्ही सगळ्या बाद, अन् ते लोक नाचाले लागले.

मी म्हटलं, पुन्हा लाव. पुष्पानं लावलं. मी म्हटलं, पुन्हा. ते कंटाळली, पण लावलं. अगं, जन्मभर शेळीचा मागचा पाय धरला मी. शेळी हातातून निसटली तं हात तिच्या मागं धावते, बोटं आवळलेलीच राह्यतात, हवेत. तुझा हात धावला नाही. तुझी बोटं आधी उघडली. मंग तू दोन्ही हातांनी तुझ्याच पोट्ट्यांले बाजूले लोटलं, एकीले तं लाथच मारली, अन् त्या पोट्टीच्या डोक्यापाशी जाऊन बसली, दोन्ही हात तिच्या कानांच्या बाजूनं. सगळं मैदान नाचणाऱ्यांकडे पाह्यत होतं. तुझ्याकडे कोणी पाह्यत नव्हतं. अन् तेवढ्यात तेलाची जाहिरात आली.

पुष्पा म्हणे, पाह्यलं न, सुटला हात? मी म्हटलं, हो, सुटला. तिले नाही सांगितलं, तुझ्या बापाले नाही, बेबीताईले नाही. तुले नाही सांगाचं कोणाले, तं मी बी नाही सांगणार.

ढाली कोठीवर परत मांडल्या, कूलर सुनीलच्या खोलीत जाईन, पण हे पत्र ढालींसाठी नाही. तू आम्हाले गुडघा काहून सांगितला, याचा मी किती दिवस विचार करून राह्यली. वावरात करते, शेळ्यांमागं करते. पहिले तुझ्यावर राग आला, की बाहेरच्या लोकांपासून लपव, मायपासून काहून? मंग मीच मले विचारलं, जमनी, पोट्टीनं त्या दिवशी दारात उभं राहून खरं सांगितलं असतं, तं तू काय केलं असतं? अन् उत्तर लगेच आलं, विचार बी करा लागला नाही. मी म्हटलं असतं, तिच्या मानेचं तिची माय पाहीन, तू हातचा पाय काहून सोडला? हेच म्हटलं असतं, अन् सगळ्या तांड्यात सांगत फिरली असती. ते तू एसटीत बसल्या बसल्याच ओळखलं असन. गुडघ्याले कोणी शिव्या देत नाही, म्हणून तू गुडघा सांगितला. मंग मी तुले भेकड म्हटलं, ते बी तू ऐकून घेतलं, पण खरं नाही सांगितलं. मी तुले इतक्या वर्षांत एकदा पाह्यलं, ते बी मोबाइलवर. तू मले केव्हाची पाह्यत होती, अन् बरोबर पाह्यलं. मले याचंच वाईट वाटून राह्यलं, तू चुकली असती तं बरं झालं असतं. पत्राचं उत्तर द्याचं नसन तं नको देऊ, सुट्टी नसन तं नको येऊ. फक्त एवढं कळव, त्या निकिताची मान आता कशी आहे?

तुझीच,
याडी